अस्वलाला आजोबा म्हणणारा इनाकी

इनाकी गेल्याचं त्याच्या बायकोनं, मिरेननं, फोनवर कळवलं तेव्हा मी इकडे आखातात, खोर फक्कान बंदरात, क्रेनखाली ग्रीस भरत होतो. त्याला पाच आठवडे झाले. अजून कामात मन लागत नाही... पाना उचलतो, ठेवतो, परत उचलतो.

इनाकी आमचा मेंटेनन्सचा साहेब. स्पेनच्या उत्तरेकडच्या डोंगरातला, बास्क लोकांतला. त्याला कुणी स्पॅनिश म्हटलं की चिडायचा. मी सातवीत शाळा सोडलेला. यंत्राचं ड्रॉइंग समोर आलं की घाम फुटायचा. दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत बसून त्यानं मला ते वाचायला शिकवलं. "यल्ला, चल, चुकायचं तर कागदावर चूक, क्रेनवर नको." आज माझं घर त्या शिकवणीवर चाललंय.

एकदा डबा खाताना तो म्हणाला, आमच्याकडची जुनी माणसं मानायची की माणूस अस्वलापासून झाला. अस्वल घेऊन कुणी आलं की पोरांना त्याच्या पाठीवर बसवून नऊ पावलं चालवायची, भीती जाते म्हणून. मी उडालोच. आमच्या गावात दरवेशी अस्वल घेऊन यायचा, आईनं मलाही त्याच्या पाठीवर बसवलं होतं, गळ्यात त्याच्या केसांचा ताईत बांधला होता. हे ऐकून त्यानं मला मिठी मारली. विचारलं, तुम्हीही त्याला पूर्वजासारखा मान देता ना? मी हो म्हणालो. साहेब इतका खूश, मला नाही म्हणवेना.

मग भेटेल त्याला सांगायचा, हा माझा भाऊ, आमचे आजोबा एकच. आमचे केरळचे फोरमन मला चिडवायचे, "काय अस्वल, चहा घेणार?" मीही हसायचो. खरं सांगायचं दरवेळी उद्यावर गेलं...

परवा मिरेनचा निरोप आला. शुक्रवारी आमच्या अल बर्शातल्या घरी त्याच्या आठवणीसाठी सगळे जमणार आहेत, तुझ्या गावच्या अस्वलाची गोष्ट लिहून आण आणि वाच, त्याला फार आवडायची. मुलीला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "बाबा, जस्ट रीड द नाइस व्हर्जन."

चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं, त्या अस्वलाच्या नाकात वेसण होती. दरवेशी दोरी ओढायचा तेव्हा ते उभं राहायचं. मी पाठीवर बसलो तेव्हा त्याच्या नाकातून रक्त येत होतं, आणि आम्ही पोरं टाळ्या वाजवत होतो. इनाकी, मी तुझ्याशी खोटं बोललो. आजोबांची माफी मागायची राहिलीय.

हे काल फोनवर मिरेनला वाचून दाखवलं. मी म्हणालो, नको असेल तर खलास, वाचत नाही.

"हेच वाच," ती म्हणाली. "त्याची खुर्ची अजून खिडकीशीच आहे. तिकडे तोंड करून वाच."