बूट मागणारं फावडं

अक्का, माझी थोरली बहीण, विधवा होऊन आमच्या पंचवटीतल्या घरी आली तेव्हा मी नुकता शाळेत मास्तर झालो होतो. आल्या आल्या तिनं मागचं ओसाड परस पाहिलं आणि म्हणाली, ही जागा मला दे, भाजी करीन, बसून खाणं मला जमायचं नाही. भावाच्या घरात कुणाला आपण जड होऊ नये, एवढीच तिची धडपड होती. ते मला कळत होतं.

हत्यारं मी आणतो म्हणालो. तेव्हा देवळालीच्या छावणीतले साहेब बदलून गेले की त्यांच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघे. तिथून मी एक विलायती फावडं आणि चार दातांचा काटा घेतला. आपलं फावडं आपण ओढतो. हे उभं, वर पाय देऊन जमिनीत दाबायचं. पातं दगडावर आपटलं, आवाज स्वच्छ आला. काट्याच्या दातांवर उभा राहिलो, एकही वाकला नाही. याला जन्मभर मरण नाही, असं सोबतच्या मास्तरांना सांगत सुटलो. दोघं-तिघं मुद्दाम बघूनही गेले.

अक्का अनवाणी खणायची. तिच्यासारखीनं पायात काही घालायचं नाही अशी रीत होती. उन्हाळ्यानं काळी माती विटेसारखी झालेली. पात्याच्या त्या अरुंद कडेवर तळवा टेकून ती अंगाचा सगळा भार टाकायची.

एका सकाळी परसात गेलो तर त्या कडेवर रक्त सुकलेलं. मी ओल्या फडक्यानं ते पुसून काढलं, वर कोरडं फडकं फिरवलं. लोखंड गंजू नये म्हणून. हे आजवर मी कुणापाशी बोललेलो नाही. तिचा पाय पाहिला नाही, विचारलंही नाही. विचारलं असतं तर माझी निवड चुकली हे कबूल करावं लागलं असतं. पुढे बरेच दिवस ती लंगडत वाढत होती आणि मी मान खाली घालून जेवत होतो.

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा शाळेतून आलो तर फावडं ओळखूच येईना. अक्कानं ते परस्पर लोहाराकडे नेलं होतं. त्यानं वरचा भाग कापून मागे कडं जोडलं होतं आणि त्यात बाभळीचा आडवा दांडा ठोकला होता. आता ते तुमच्या-आमच्याकडे असतं तसं ओढायचं फावडं झालं होतं. मी भडकलो. अशी वस्तू पुन्हा मिळायची नाही, निदान विचारायचं तरी, असं बरंच काही बोललो.

ती दांडा हलतोय का ते पाहत होती. म्हणाली, "लोखंड लाखाचं आहे रे. पण ते बूट मागतं, आणि बूट तुझ्या पायात."

मग फावडं भिंतीला टेकवत, "तू पुसलंस ते पाहिलं मी."

एवढंच. पुन्हा कधी तिनं तो विषय काढला नाही.

त्या फावड्यानं तिनं सगळं परस उलथून काढलं. वांगी, मेथी, पडवळ. आणि रताळी काढायला तो काटा, भुसभुशीत मातीत त्याला पाय लावावा लागत नसे. माझी मुलं त्या भाजीवर वाढली. शेजारणी फावडं उसनं मागायला आल्या की ती सांगे, लोखंड आमच्या भावानं पारखून आणलंय हो. मी आतून ऐकत असे. चारचौघांत तिनं मला कधी उघडं पाडलं नाही. जड होऊ नये म्हणून झटणारी ती. तिनं माझा केवढा भार उचलला ते माझं मलाच ठाऊक.

फावडं बदललं त्याच्या पुढच्या वर्षी कुदळ हवी झाली. बोहऱ्याच्या दुकानात मी तिला बरोबर नेलं. दुकानदारानं माझ्यापुढे कुदळी मांडल्या आणि एकेक वाजवून दाखवू लागला. मी पहिली उचलून तिच्या हातात दिली. "तूच बघ, अक्का."

तिनं ती तोलली, खाली ठेवली. दुसरीही ठेवली. दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत होता, मी तिच्या हातांकडे. शेवटी तिनं एक हलकीशी निवडली. आवाज त्या कुदळीचा काही खास नव्हता.

"ही."

मी ती खांद्यावर घेतली आणि तिच्या मागून चालू लागलो.