अर्पण दारातच राहिलं

नाचणगावच्या आमच्या कापडदुकानाच्या ओट्यावर मनकर्णाबाईंची शिलाई मशीन आहे. माझ्या वडिलांनीच त्यांना ती जागा दिली. गिऱ्हाईक माझ्याकडे कापड घेतं आणि तिथेच ओट्यावर माप देतं, अशी दोघांची सोय. बाई ख्रिस्ती, मी हिंदू व्यापारी घरचा, पण आमचं भांडण सख्ख्या बहीण-भावासारखं चालतं. त्या हट्टी आहेत, हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो. बाही कुठे संपावी हे गिऱ्हाईकाने सांगायचं नाही आणि चहात साखर किती हे माझ्या बायकोने ठरवायचं नाही. ऐकतात त्या फक्त बायबलचं. ते मशीनच्या खणात, दोऱ्याच्या रिळांशेजारी असतं. दुपारी गर्दी ओसरली की चष्मा पुसून वाचत बसतात.

मी त्यांना चिडवायचो. “बाई, माझ्या कापड मोजायच्या मीटरवर सरकारी शिक्का आहे. तुमच्या पुस्तकावर कोणाचा शिक्का?”

“माझा येशूवर भरवसा आहे ना, ओमप्रकाशभाऊ? त्यानं सोता जे शास्त्र देवाचा शब्द म्हणून मानलं, ते नाकारणारी मी कोण? अन् बाकीचं ज्यायनं लिहिलं, त्यायनं आपल्याच माणसायच्या चुका झाकल्या नाई. त्याच्या पट्टशिष्यानं, पेत्रानं, त्याले ओळखत नाई म्हटलं, हे लपवता आलं असतं. नाई लपवलं.”

“हे तर वकिलासारखं झालं,” असं म्हणून मी गिऱ्हाईकाकडे वळायचो.

यंदा त्यांना एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. सून रक्षा शाळेत जाऊन मुलांची मापं घेऊन आली. कापड बाईंनी बेतलं. कपडे शिवून गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. सगळे सैल, पोरं त्यात हरवून जातील असे. बाईंचा पारा चढला. भर बाजाराच्या दिवशी, ओट्यावरून, चार लोकांसमोर त्या ओरडल्या, “तुले माप घ्याची अक्कल नाई!”

“आई, मी माप बरोबर घेतलं,” रक्षा एवढंच म्हणाली. तिचं कोण ऐकतं! संध्याकाळी तिने पिशवी भरली आणि ती माहेरी, वडनेरला निघून गेली. बाईंचा मुलगा निकेश तिला आणायला गेला तो एकटाच परतला. बाजारात बोललेलं आईने कधी मागे घेतलं तर येईन, असा तिचा निरोप होता. बाईंनी ऐकलं आणि त्या मशीन जोरात चालवायला लागल्या. निकेशचं तोंड मात्र मला पाहवेना. घर तुटायला आलं होतं.

त्यांच्या पुलगावच्या चर्चमध्ये पीक घरात आलं की उपकारस्तुतीचा रविवार असतो. शेतकरी कापूस, तूर, भाजी आणतात, ज्यांना शेत नाही ते हातची वस्तू आणतात. भक्ती झाली की त्या सगळ्याचा लिलाव होतो. मलाही बोलावणं असतं आणि दरवर्षी मी एक भोपळा घेऊन घरी येतो. बाई अर्पणासाठी लहान मुलीचा फ्रॉक शिवत होत्या. त्याची लेस मी मीटरने मोजून दिली. बाईंनी सवयीने आपला जुना कापडी टेप तिला लावला. लेस कमी भरली.

“भाऊ, कमी देता काऊन?”

मी त्यांचा टेप लोखंडी मीटरला लावून दाखवला. वापरून वापरून तो चांगलाच ताणला होता.

“इतकी वर्षं कसं कळलं नाई?” मीच चकित झालो.

त्या हळूच म्हणाल्या, “याच टेपनं माप घ्याची, यानंच बेताची. मंग चूक कशी दिसन? या वेळी रक्षानं नव्या टेपनं माप घेतलं, अन् मी बेतलं यानं.” टेप बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “आपल्याच टेपनं आपल्याले मोजलं, तं माणूस नेहमी बरोबरच येते, भाऊ.”

मी म्हटलं, फोन करा. “करतो,” म्हणाल्या, पण केला नाही. सासूने सुनेच्या माहेरी नमतं घ्यायचं, हे आमच्यात काय नि त्यांच्यात काय, सोपं नाही.

रविवारी मी चर्चच्या आवारात उभा होतो. बाई फ्रॉक घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

“काऊन थांबल्या?”

“कोणाचं मन आपल्यावरून दुखलं हे आठवलं, तं अर्पण तिथंच ठेवाव अन् पहिले समेट कराव, असं येशूनं सांगून ठेवलं. मले वडनेरले जायचं नाई भाऊ. लाज वाटते.”

“मंग नका जाऊ. कोण पाहून राह्यलं?”

“आवडलं तेवढंच मानलं, तं मी त्याचं कुठं ऐकून राह्यली? सोताचंच ऐकून राह्यली. तोच ताणलेला टेप.”

त्यांनी फ्रॉक पायरीवर ठेवला आणि त्या तडक बसस्टँडकडे निघाल्या. आत गाणं सुरू झालं. मी फ्रॉकजवळ राखण करत बसलो. भोपळा यंदा दुसऱ्याच कोणीतरी नेला.

चर्चच्या पाळकसाहेबांनी फ्रॉक लिलावात काढला नाही, कपाटात जपून ठेवला. पुढच्या रविवारी सासू-सून दोघींनी मिळून तो वेदीसमोर नेला. बाई प्रार्थनेत उपकार मानता मानता रडल्या आणि मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

वडनेरला काय झालं ते मला रक्षानेच ओट्यावर काज करता करता सांगितलं. “आई आंगणातच उभ्या राह्यल्या. माझे बाबा, माझी आई, सारे शेजारी जमले. सगळ्यायसमोर म्हणाल्या, तुझं माप बरोबर होतं, चूक माझी होती. बाजारात होते त्याच्याहून जास्त लोक होते, भाऊ.”

“मंग तू काय म्हणाली?”

“काय म्हणू? पिशवी भरली.” तिने दोरा दाताने तोडला आणि मशीनच्या खणाकडे बघून हसली. “त्या पुस्तकाचे लय उपकार आहे माझ्यावर. माझी सासू जगात कोणाचंच ऐकत नाई. त्याचं तरी ऐकते.”