पडद्यावर आलेलं खरं नाव

ओरेस्ते फोल्येगाती हा खाडीकाठच्या कोमाक्यो गावातल्या एका कोळ्याचा मुलगा. रोमला आला तो पुस्तकं लिहायला. पण पोटासाठी पटकथा लिहू लागला, मग दिग्दर्शनही करू लागला आणि चाळिशीपर्यंत त्याच्या हातून अठरा चित्रपट निघाले. आधी पुठ्ठ्याच्या देवळांतले पहिलवान, मग दगडखाणीत घोडे उधळणारे अमेरिकी बंदूकबाज. असल्या चित्रपटांवर इटालियन नाव खपत नाही, म्हणून निर्माता रंगोनी यानं त्याचा 'फ्रँक हॅलोरन' करून टाकला होता.

त्याचं नाव पडद्यावर कधी दिसत नसल्यानं गावाकडे त्याच्या आईला, दोमितिल्लाला, शेजारणी टोमणे मारत: पोरगा चित्रपट काढतो, की कुठल्या हॉटेलात बशा उचलतो?

एकोणसत्तर साली त्यानं बापाची गोष्ट लिहिली. खाडीत चोरून वाम मासे धरताना बाप पहारेकऱ्याच्या गोळीनं गेला होता. त्यानं महिनाभर उंबरठा झिजवल्यावर रंगोनी म्हणाला, "कर एकदाचा. नावही तुझंच घाल." ओरेस्तेनं त्यात जीव ओतला.

पण चित्रपट कुणी वितरक घेईना. तेव्हा रंगोनीनं परस्पर दुसऱ्याकडून उघड्या बायकांची दृश्यं घेऊन मध्ये घुसडली. ओरेस्तेला ते कळलं भिंतीवरचं पोस्टर बघून. निदान माझं नाव तरी काढा, म्हणून तो गयावया करत राहिला. पण प्रती केव्हाच गावोगावी गेल्या होत्या.

बघायला जाऊ नकोस, अशी त्यानं आईला तार केली. ती गेलीच, ठेवणीतला काळा पोशाख घालून, दोन शेजारणींना घेऊन. तो गावातल्या थिएटरात पोचला तेव्हा शेवटचं रीळ चालू होतं. शेजारणी मध्येच उठून गेल्या होत्या. आई बसून होती.

दोघं कालव्याच्या काठानं घरी निघाली. वाटेत तो म्हणाला, "आई, ते सगळं मी नाही घेतलं."

"मग तुझं काय होतं त्यात?"

"नावेतला माणूस. बाबा."

ती म्हणाली, "वल्हं अगदी त्यांच्यासारखं धरलं होतं त्यानं. पण लोकांनी त्याला कुठे पाहिलं रे?" आणि दाराशी आल्यावर, "यापुढे ते परकं नावच लाव."

त्यानं तसंच केलं. आणखी नऊ चित्रपट काढले. पुढे ती लाट ओसरली, तेव्हा परदेशी मालिकांचे संवाद इटालियनमध्ये बसवून देऊ लागला. आईनं पत्रात कामाचं पुन्हा कधी विचारलं नाही.

बापाची गोष्ट कादंबरी म्हणून लिहायला तो तीनदा बसला. बाप अंधारात नाव सोडतो, तिथपर्यंत लिहून व्हायचं. पुढे हात चालायचा नाही.