वरचा रिकामा कप्पा

आज सकाळी अंडी उबवण्याच्या यंत्राच्या काचेतून पाहिलं, तर एका अंड्याला बारीक तडा गेला होता आणि आतून पिल्लाची चोच हलत होती. तेवढ्यात दारात दीर आले. वाटण्यांच्या भांडणात याच माणसाने माझ्या यंत्राची वीज तोडली होती. तेव्हा बाहेर यायच्या बेतातली पिल्लं कवचातच गार झाली आणि मी ती परसात पुरली.

आता त्यांचं यंत्र बिघडलं होतं. हातात अर्धवट उबवलेल्या अंड्यांची टोपली होती.

"वहिनी, एवढी ठेवून घ्या. नाहीतर मरतील."

माझा वरचा कप्पा रिकामा होता. मी बाजूला सरले, काचेतून तो त्यांना नीट दिसू दिला आणि म्हटलं, "जागा नाही, भाऊजी."

ते मान खाली घालून गेले.

जन्म पाहिला की मन निवळतं, असं मला वाटायचं. दुपारी पिल्लू बाहेर आलं, ओलं, धडपडणारं. त्या टोपलीतल्या अंड्यांनी माझं काही बिघडवलं नव्हतं, हे मला कळत होतं. तरी पिल्लाकडे पाहत, ती आता गार होत असतील, हे मी मुद्दाम आठवत बसले.