गाठीच्या दोऱ्यावरचा सदरा

आईच्या पेटीत माझा दहाव्या वर्षीचा निळा सदरा सापडला. गंमत म्हणून तो डोक्यातून घातला, आणि अडकलो... हात वर, तोंडावर डांबरगोळ्यांच्या वासाचं कापड, आत कोंडलेला माझाच श्वास – आणि खाली पन्नाशीचं पोट उघडं! बायकोला मारलेली हाकही कापडातच विरली.

त्या निळसर अंधारात मला ट्रायलोबाइट आठवला. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी सरपटणारा, आता पृथ्वीवर कुठेच नसलेला जीव. दुष्काळाचं साल, आमच्या शिरूर कासारकडच्या गावात तळ्याला भेगा पडलेल्या, विहिरीच्या तळाशी पोहरा खडखडतोय, आणि शाळेत मास्तर फळ्यावर समुद्र अन् त्यात हा जीव काढताहेत! मधे लांबट उंचवटा, दोन्ही अंगांना उतरते पाखे – असं तीन उभ्या खंडांचं शरीर. डोक्यावर ढाल, शेपटीवर ढाल, मधल्या कड्या एकीखाली एक सरकणाऱ्या, म्हणून भ्यायलं की गोळा होणारं. डोळ्यांची भिंगं तर चक्क खनिजाची.

"अंग वाढतं, कवच वाढत न्हाई," मास्तर म्हणाले. "मग डोक्यावरची शिवण उकलायची अन् मऊ अंगानं बाहेर पडायचं."

"अन् न्हाई उकलली तर?"

"तर आतच मरायचं."

माझे आईवडील तेव्हा सहकारी कारखान्याच्या ऊसतोडीला गेलेले. निघताना आईने दोऱ्याने माझं माप घेतलं होतं – छातीची एक गाठ, बाहीची एक – आणि दोरा कनवटीला खोचला होता. मी काकूकडे राहिलो आणि शाळेतल्या सुकडीवर, ऐन दुष्काळात, निर्लज्जासारखा वाढलो. पाडव्याला आई परतली ती पाचटाने चिरलेले हात, अंगाला मळीचा वास आणि हा सदरा घेऊन.

तो काखेत रुतला.

"बसला न्हवं?"

अख्खा हंगाम तिच्या कमरेला मी त्याच मापाचा होतो. वाढलो म्हणून सांगणं म्हणजे तिच्याविना वाढलो म्हणून सांगणं... "लई बरोबर हाय," म्हणालो आणि खांदे आत ओढून घेतले. "कुबड आलं का बे?" पोरं विचारत. उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नसे. पुढल्या हंगामाला आई निघाली तेव्हा तिच्या गळ्यात हातही टाकले नाहीत – शिवण उसवली असती.

आता आई नाही.

शेवटी बायकोनेच ब्लेडने काखेतली शिवण उसवली. मी लालबुंद होऊन बाहेर पडलो. तिला सगळं सांगितलं. ती सदरा उलटा करून बघत राहिली.

"अवो, हे बघा," ती म्हणाली, "आत दोन्हीकडं दोन-दोन बोटं कापड दुमडून ठेवलंय, अजून कोरं निळं. तुमी वाढणार, हे सासूबाईंना ठाऊक होतं. नुसतं सांगितलं असतं, तर त्यांनी तवाच उसवून दिला असता."