घरातली कुलपं

आमच्या इमारतीत कुलपं आपोआप उघडायला लागली तेव्हा सगळ्यांच्या नजरा माझ्या धाकट्या भावाकडे वळल्या. तळमजल्यावरच्या गाळ्यात त्याचं कुलूप-किल्लीचं दुकान. लोक कामावरून परत यायचे तर कुलूप कडीला नुसतं लटकलेलं, आणि घरातली काडीही हललेली नाही. मग कुणीतरी पुडी सोडली, की याचा धंदा बसलाय, म्हणून हाच लोकांना घाबरवतोय. सेक्रेटरीने बजावलं, रविवारपर्यंत चोर सापडला नाही तर गाळा खाली करायचा.

संशय घेण्यात मी कुणाला हार जात नाही. मी आधी भावजयीवर नजर ठेवली, मग खुद्द भावावर. भाची, भावाची लेक, माझ्या ध्यानीमनीही नव्हती.

पोरगी रांगायची तेव्हापासून दुकानातल्या मोडक्या कुलपांशी खेळत आलेली. जेमतेम बोलायला लागली तेव्हा तिने तारेने पहिलं कुलूप उघडलं. भावाने शाबासकी दिली नाही. ते काढून घेतलं आणि त्याहून अवघड पुढ्यात टाकलं. पुढे वर्षानुवर्षं हेच. मनगट वाकडं धरलं की टपली, घाई केली की पुन्हा पहिल्यापासून. गेल्या वर्षी भावजय कडाडली, पोरीला चोर करायचंय का, तेव्हा कुठे ते थांबलं.

शनिवारी भावाने माझ्यादेखत तिला सहज बोलावल्यासारखं बोलावलं आणि दुकानातलं सगळ्यात साधं कुलूप हातात दिलं. पोरगी तार घालून चाचपडत बसली. जमत नाही म्हणाली. भावाचा चेहरा उतरला. एवढं साधं कुलूप हिला जमत नाही, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

"लोकांची कुलपं का उघडलीस?"

"घरातली सगळी उघडून झाली, बाबा. तुम्ही नवीन देईनात."

मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. पण भाऊ तिच्याकडे झुकला. मग हळूच म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरचंसुद्धा? त्यापुढे मी हात टेकले होते."

तिने मान डोलावली.

तो तडक सेक्रेटरीकडे गेला आणि मीच उघडत होतो म्हणाला. गाळा गेला, इतक्या वर्षांचं नाव गेलं. जिन्यात मी त्याला वाट्टेल ते बोलले. लेकीसाठी केलं, हे मला कळत होतं. पण पायऱ्या उतरताना त्या मेल्याच्या तोंडावर हसू होतं, आणि त्याचा राग मला अजून येतो.