आत्या आणि जुने डाव

जगात कुठेही, कधीही कुणी बुद्धिबळात हरलं असेल, तर त्याचं नेमकं काय चुकलं याची काळजी एकटी माझी रत्नागिरीची आत्या वाहते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर ती हा खेळ शिकली आणि आपल्या सुरुवातीच्या चाली सुधाराव्यात म्हणून जुन्या स्पर्धांमधले डाव अभ्यासू लागली. मोबाइलवर डाव लावायचा, शेजारी पट मांडायचा आणि प्रत्येक चाल स्वतः सोंगटी उचलून करायची. पण बाई पुढे सरकेल तर शपथ! पाचव्या-सहाव्या चालीलाच तिला प्रश्न पडतो, "हा उंट इथं का नेलान असेल गं?" तो खेळाडू कुठल्यातरी परदेशातला, केव्हाच वारलेला, पण आत्या बोलते अशी, की जणू तो मांडवीला राहणारा तिचा चुलतभाऊच. एकदा सकाळी गेले, तर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देतोय आणि ही पटाकडे टक लावून बसलेली.

"काय झालं?"

"अगो, बरा खेळत होता. मधेच वजीर बाहेर काढलान. घरून काहीतरी वाईट निरोप आला असणार."

त्या दिवशी आम्ही करपलेला भात खाल्ला, आणि जेवणभर त्या माणसाच्या घरी कोण आजारी असेल याचा विचार केला.

एवढ्या अभ्यासानं आत्याची डावाची सुरुवात मात्र खरंच झकास झाली. म्हणून गावात खुली स्पर्धा भरली तेव्हा मीच हौसेनं तिचं नाव घातलं. आत्यानं दोन डाव जिंकले. तिसऱ्याला समोर आले राजापूरचे एक काजूवाले गृहस्थ. त्यांनी पहिल्याच चालीला कोपऱ्यातल्या हत्तीपुढचं प्यादं सरकवलं. आत्याच्या जुन्या डावांतल्या थोरामोठ्यांपैकी कुणी असं केलेलं नव्हतं! ती हनुवटीला हात लावून बसली. घड्याळ पळत होतं. शेवटी न राहवून तिनं मोठ्यानं विचारलं, "का पण?"

"मॅडम, बोलायचं नाही," पंच म्हणाले.

पुढे तिनं डाव जवळजवळ जिंकत आणला, पण वेळ संपली आणि ती हरली. मला रडू यायचं बाकी होतं. आत्या मात्र त्या गृहस्थांच्या मागोमाग चहाच्या टेबलाशी पोहोचलेली.

"अहो, ते प्यादं का हलवलंत?"

ते ओशाळले. "काय नाय हो. सगळे मधलीच पुढे काढतात. म्हटलं, या बिचाऱ्यालाही बघू दे जरा बाहेरचं."

आत्या इतकी हसली की चहा साडीवर सांडला. पुढे ते गृहस्थ अधूनमधून रविवारी एसटीनं येऊ लागले. तासभर खेळायचं आणि दोन तास 'का' यावर बोलायचं. मग त्यांचे गुडघे धरले आणि येणं थांबलं. दोनतीन रविवार आत्या एकटीच पट मांडून बसली.

परवा मी तिला स्टँडवर सोडायला गेले. एसटीच्या वासानंही मळमळणारी माझी आत्या राजापूरच्या गाडीत खिडकीशी बसली होती.

"आज कुठली सुरुवात करणार?" मी खालून विचारलं.

तिनं मांडीवरची पिशवी सारखी केली. "ठरवलंच नाही गो."

गाडी सुरू झाली. एवढ्या उन्हाची, एवढ्या लांब का चाललीस, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आत्या पदरानं घाम टिपत समोर बघत होती, आणि मी नाही विचारलं.